ओट्यापासून फाटकापर्यंत

भोपाळच्या कोटऱ्यातल्या आमच्या घराचा ओटा उंच आहे. बाबांनी तो मुद्दाम तसा बांधून घेतला. पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी भरतं, आणि उभी हयात कारखान्याच्या क्वार्टरमध्ये काढलेल्या माणसाला स्वतःच्या पहिल्यावहिल्या घरात पाणी शिरलेलं चालणार नव्हतं. पाणी कधी शिरलं नाही, हे कबूल. पण पुढे दादाची चाकाची खुर्ची आली आणि तोच ओटा आमच्या गळ्यात पडला. दादाला बाहेर न्यायचं म्हणजे दोन धट्टीकट्टी माणसं शोधायची, एक पुढे, एक मागे, आणि मध्ये अधांतरी दादा. "चला, पालखी निघाली," असं तो दर वेळी म्हणतो आणि शेजारचे लोक दर वेळी हसतात. मला मात्र त्या वाक्याचा वीट आला होता.

दादा माझा थोरला भाऊ. मंडीदीपच्या एका कारखान्यात कामाला होता. एका संध्याकाळी मोटरसायकलवरून घरी येताना हायवेवर मधोमध बसलेली म्हैस त्याला दिसली नाही. म्हशीला काही झालं नाही. दादाचा मणका मोडला, आतला मज्जारज्जू चिरडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. हात शाबूत, डोकं शाबूत, जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार. आता तो घरी बसून गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यासाठी कॉम्प्युटरवर यंत्रांची ड्रॉइंग करतो.

बाबा असताना कुणी ओट्याला उतार बांधायचा विषय काढला की ते ताटावरून उठायचे. "रॅम्प बांधला म्हणजे आपण मान्य केलं," असं म्हणायचे. काय मान्य केलं, ते कधी बोलायचे नाहीत. बाबा गेले, पण त्यांचा हा हट्ट आईनं तसाच पुढे चालवला. आणखी एक गोष्ट तिनं केली. दादा पडला त्या दिवसापासून ती त्याला एकदाही रागावली नाही. त्याआधी ती त्याला उठता बसता झापायची, त्याच्या मिशा फुटल्यावरसुद्धा. आता तो चहा सांडो, औषध चुकवो, तिच्यावर खेकसो, ती आपली "असू दे रे राजा" म्हणणार. दादाला ह्याचा भयंकर राग यायचा. मला म्हणायचा, "मी पाहुणा झालोय गं ह्या घरात."

आता माझं सांगते. मी ह्याच गावातल्या एका प्रयोगशाळेत काम करते, आणि तुटलेल्या मज्जारज्जूसाठी पूल तयार करणं हे माझं काम. भावासाठी हे क्षेत्र निवडलं का, असं लोक विचारतात. मी नाही म्हणते. मी आधीपासून रेशमावर काम करत होते, भाजलेल्या कातडीवर लावायच्या पट्ट्या बनवायचे. दादा पडला आणि मी तेच रेशीम पाठीच्या कण्याकडे वळवलं. म्हणजे भावासाठीच. पण कुणी तोंडावर विचारलं की माझं डोकं फिरतं, त्याला मी काय करू.

मज्जारज्जू चिरडला की त्या जागी पोकळी होते आणि तिच्या कडेनं व्रण धरतो. वरून येणारे नसांचे धागे तिथवर येतात आणि थांबतात. पुढे जायला धरायचं कशाला, हेच त्यांना सापडत नाही. कारल्याच्या वेलाला आपण सुतळी बांधून देतो ना, तशी त्यांना काहीतरी सुतळी द्यायची. ती शरीराला टोचता कामा नये, मज्जारज्जूइतकीच मऊ हवी, आणि काम झालं की आपली आपण विरून जायला हवी. रेशीम ह्यात बऱ्यापैकी बसतं. कोष कापायचे, सोड्याच्या पाण्यात उकळून त्यांचा चिकटा काढायचा, उरलेला धागा विरघळवायचा, ते पातळ रेशीम साच्यात ओतायचं, गोठवायचं, वाळवायचं. हातात येतो पांढरा, हलका, जाळीदार तुकडा. मग त्यात नसांच्या पेशी सोडायच्या आणि बशीत वाढतात का बघायचं. बशीत जमलं तर उंदीर. उंदरात जमलं तर पुढचं. माणूस ह्या रांगेत फार मागे उभा आहे, आणि हे मी घरात पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

आईला त्यातलं एवढंच समजलं की मी किडे उकळते. "किती जीव मारता गं," ती म्हणायची. "तुझ्या पूजेच्या साडीला किती लागले?" मी विचारायचे. मग ती विषय बदलायची. पण त्या जाळीदार तुकड्याचा फोटो दाखवला तेव्हापासून तिला माझं काम एकदम पटलं, कारण जाळी म्हणजे काय हे तिला माझ्याहून जास्त कळतं. तिच्या अनारशांना पडते तशी जाळी अख्ख्या भोपाळातल्या मराठी घरांत कुणाच्या पडत नाही. मी घरात पाऊल टाकलं की ती विचारायची, "काय गं, आज जाळी पडली का?" जसं काही मी दिवसभर तूप तापवत बसले होते.

खरी अडचण जाळीचीच होती. आमच्या तुकड्यांत भोकं कशीही, वाकडीतिकडी पडायची, आणि नसांना हवी होती सरळ वाट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यासाठी मला बारीक खाचांचा एक साचा हवा होता. दादानं त्याचं ड्रॉइंग करून दिलं, आणि त्याच्या गोविंदपुऱ्याच्या मालकानं तो स्टीलमध्ये कापून दिला. काड्यापेटीएवढा ठोकळा, आत केसासारख्या बारीक खाचा. नवरात्रात तो तयार होऊन आला. खाचा नीट आल्यात का ते दादाला भिंगातून बघायचं होतं, म्हणून तो दसऱ्यापर्यंत घरीच राहिला.

त्याच मालकानं साच्याबरोबर दादाला एक निरोप पाठवला. घरी बसून कंटाळला असशील, आठवड्यातले काही दिवस इथे येऊन बस, टेबल देतो, गाडी पाठवतो. कारखान्याची जागा सपाट आहे, खुर्ची आत येते. दादानं ते वाचलं आणि जेवताना शांतपणे म्हणाला, "आई, मला एकट्याला फाटकाबाहेर जायचंय. कुणी न उचलता. उतार बांधून घेऊ या." आई वरणावर तूप वाढत होती. तिनं वाढून घेतलं आणि म्हणाली, "बघते मिस्त्रीला." बस, एवढंच. दसऱ्यानंतर फाटकाशी वाळू पडली, विटा पडल्या, दादानं कागदावर उतार आखला, आणि मिस्त्री हातातलं काम संपवून येतो म्हणाला. दादा रोज खिडकीतून त्या वाळूकडे बघत बसायचा. इतका खूश तो मला कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

आणि नेमकं तेव्हाच माझं काम फळाला आलं.

नव्या साच्यातून निघालेले तुकडे सुरेख होते. मी त्यात पेशी सोडल्या, वाट पाहिली, मग नसांचे धागे तेवढे हिरवे चमकतील असा रंग लावला आणि दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली, निळ्या उजेडात धरले. हिरव्या रेघाच रेघा. सरळ, समांतर, लांबच लांब, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी खुर्चीवरून उठले, परत बसले. असं ह्या खोलीत कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या खोलीत डोळे पुसायला हातमोजेही काढता येत नाहीत. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, बाहेरगावी होते. मी फोटो काढून त्यांना पाठवला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "बहुत सुंदर. बिना सेल वाला देखा?" म्हणजे ज्या तुकड्यात पेशी घातल्याच नाहीत, तो पाहिलास का. तो मी दुसऱ्या दिवशीसाठी ठेवला होता. मला सरांचा थोडा रागच आला. चांगलं म्हणायला ह्या माणसाच्या जिवावर येतं, असं वाटलं.

घरी आले तर चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं. आईनं फोन हातातून काढून घेतला. "हे हिरवं काय?"

"नसांचे धागे."

"वाढलेत?"

"हो. पण बशीत, आई. बशीत वाढलेत."

बशीत हा शब्द तिनं ऐकलाच नाही. ती फोन घेऊन दादाकडे गेली. त्यानं चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहत राहिला. एरवी तो काहीतरी फिरकी घेतल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी फक्त म्हणाला, "माझ्याच खाचा आहेत गं ह्या. सरळ आल्यात."

सकाळी दात घासता घासता मी ऐकलं, आई फोनवर मिस्त्रीला सांगत होती. "नहीं भैया, अब रहने दो. वाळू उठवा लो." तिचं हिंदी असंच आहे, चाळीस वर्षं भोपाळात राहूनही अर्धं नागपुरात. मी तोंडातला फेस तसाच ठेवून बाहेर आले. "आई, काय करतेस? उतार का रद्द केलास?"

"आता कशाला हवा?" ती म्हणाली. अगदी आनंदानं म्हणाली. "चालत उतरेल ना तो. बाबा बरोबर म्हणत होते तुझे."

मी दादाकडे पाहिलं. त्यानं तिला अडवावं, दोन शब्द सुनवावेत, असं मला वाटत होतं. तो खिडकीशी बसला होता आणि वाळूकडे न बघता स्वतःच्या पावलांकडे बघत होता. आईचं एक वेळ ठीक, ती श्रद्धेवर जगते. पण दादासुद्धा मनात रांगेतला पुढचा नंबर लावून बसला होता. बशी कुठे आणि माणूस कुठे, हे त्याला पक्कं माहीत असताना.

प्रयोगशाळेत गेले आणि आधी तो बिनपेशीचा तुकडा काढला. त्यात काहीही असायला नको होतं, काळाकुट्ट अंधार दिसायला हवा होता. मी डोळे लावले. हिरव्या रेघा. सरळ, समांतर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पेशीच नाहीत तर नसा कुठल्या? मी रंग न लावलेला तुकडा पाहिला. तोही चमकत होता. जुन्या साच्यातला पाहिला, तो काळा. म्हणजे सगळी करामत नव्या साच्याची. मी तो दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिला, आणि एका खाचेच्या तळाशी मला पिवळी रेघ दिसली. फार ओळखीचा पिवळा. असा रंग माझ्या सगळ्या पांढऱ्या ओढण्यांवर कुठे ना कुठे आहे. मी हात धुतले आणि आईला फोन लावला.

"आई, दसऱ्याच्या सुमारास माझ्या साच्याला काही लावलं होतंस का?"

"लावणारच की. खंडेनवमीला," आई म्हणाली. "तुझ्या बाबांचे पाने, पक्कड, माझं शिलाई मशीन, तुझी स्कूटर, दादाची खुर्ची, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. ते काय अवजार नाही? आणि पुसूनसुद्धा ठेवलं गं नीट, ओल्या फडक्यानं. तुमच्या लोकांना चालत नाही ना, म्हणून."

ओल्या फडक्यानं पुसलं, म्हणजे सगळी हळद अलगद खाचांत जाऊन बसली. आमच्या धुण्यातून सुटली, वाफेतून वाचली, रेशमाला चिकटली. आणि हळद निळ्या उजेडात हिरवी चमकते, हे मला शिकवायला कुणाची गरज नव्हती. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. आईच्या बोटावरून ती माझ्या साच्यात येईल, हे तेवढं पुस्तकात नव्हतं.

मी फोन ठेवला आणि आधी हसले. मग रडू आलं, कारण आता घरी जाऊन सांगायचं होतं.

संध्याकाळी दोघांना समोर बसवलं आणि सांगून टाकलं. घुमवून फिरवून बोलायला मला जमत नाही. ते धागे नव्हते, ती हळद होती. मुळात धागे असते तरी ते बशीतले होते. दादासाठी ह्यातून काही निघेल की नाही, केव्हा निघेल, मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं मी कधीही म्हणाले नव्हते.

आईच्या चेहऱ्याकडे बघवेना. ती स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहत होती, जसं काही त्यानं चोरी केली होती. "मी चांगलं व्हावं म्हणून लावलं गं," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात दादा हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. "आई, अगं काय मस्त चमकली तुझी हळद. मी रात्रभर त्या फोटोशी बोलत होतो." हसता हसता तो थांबला. "एक दिवस फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या एका दिवसात वाळू उचलून न्यायची पाळी आली. असे किती दिवस जायचे माझे?"

आई म्हणाली, "तुझे बाबा म्हणायचे, बांधला म्हणजे मान्य केलं."

"आई, मी केव्हाच मान्य केलंय," दादा म्हणाला. "तुम्ही दोघं राहिलात. बाबा तर तसेच गेले. तू तरी कर. हिचं व्हायचं तेव्हा होईल, झालं तर पहिल्या दिवशी त्याच उतारावरून चालत उतरेन. पण तोवर मला फाटकाबाहेर जाऊ दे."

आई उठली, तिनं भात लावला, कोशिंबीर केली, आम्हाला वाढलं. जेवणं झाल्यावर तिनं मिस्त्रीला फोन केला. पलीकडून तो म्हणत असावा की सुबह तो आपने मना किया था, कारण आई म्हणाली, "सुबह की बात सुबह गई, भैया. तुम कल आओ."

उताराच्या वाटेत तुळस येत होती. उतार पुरेसा लांब हवा, नाहीतर खुर्ची घसरते, हे दादानं कागदावर दाखवलं. मिस्त्री म्हणाला, "अम्मा, तुलसी बचा के थोड़ा खड़ा बना दूँ?" आईनं नाही म्हणून मान हलवली आणि पदर खोचून तुळस स्वतःच्या हातानं उकरून पलीकडच्या कोपऱ्यात लावली. ह्या वर्षी तुळशीचं लग्न नव्या जागी लागलं. सिमेंट पडल्यावर तिनं त्यावर गोणपाट पसरलं, सकाळ संध्याकाळ पाणी मारलं आणि गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा त्यावर पाय ठेवू दिला नाही. दादा खिडकीतून सूचना करायचा, आणि ती म्हणायची, "तू गप रे, तुझ्या आधीपासून घर बघतेय मी."

तिकडे मी साचा असा धुतला की त्याचं कातडंच निघावं. नवे तुकडे, नव्या पेशी. ह्या वेळी आधी बिनपेशीचा पाहिला. ठार काळा. इतका अंधार बघून इतकं समाधान कुणाला झालं नसेल. मग पेशींचा पाहिला. थोड्याशाच हिरव्या रेघा होत्या, आखूड, बहुतेक सुरुवातीलाच थांबलेल्या. दोन-तीन मात्र दादाच्या खाचेत शिरून, तिला धरून थोड्या पुढे गेल्या होत्या. सरांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अब ठीक है." मला तेवढं पुरेसं होतं. घरी आईनं विचारलं, "जाळी पडली का?" मी म्हणाले, "पडली. आता वेल थोडा चढायला लागलाय." तिनं पुढे काही विचारलं नाही, आणि मिस्त्रीलाही फोन केला नाही.

उतार वाळला त्या दिवशी तिनं त्याला हळदकुंकू लावलं. लाव म्हटलं, इथे पाहिजे तेवढं लाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला तिच्या हाकांनी जाग आली. दादा खोलीत नव्हता. न्हाणीघरात नव्हता, मागच्या अंगणात नव्हता. फोन पलंगावर पडलेला. आई ओट्यावर उभी, पदर सुटलेला, पायात चप्पल नाही. मी स्कूटरची किल्ली शोधायला वळले तोच गल्लीच्या टोकाला तो दिसला. एका हातानं एक चाक, दुसऱ्यानं दुसरं, मांडीवर कागदाचा पुडा, चेहरा घामानं लाल. फाटकातून आत आला, उतारावर जरा अडखळला, दात खाऊन जोर लावला आणि वर आला. पुड्यात पोहे-जिलेबी होती, चौकातल्या गाड्यावरची.

"कुठे उलथला होतास न सांगता?" आईचा आवाज असा चढला की समोरच्यांचं दार उघडलं. "फोन न्यायची अक्कल नाही? घरात म्हातारी आहे, तिचा जीव जातो, त्याचं काही आहे का? पुन्हा असा न सांगता गेलास तर तंगडी मोडून ठेवीन."

मग तिला कळलं ती काय बोलली ते. तिनं हात तोंडावर ठेवला. दादा तिच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता, आणि मला आठवलं, लहानपणी तिन्हीसांजेला उशिरा घरी आला की ती त्याला हेच म्हणायची.

"चुकलो," तो म्हणाला. "पुन्हा सांगून जाईन."

आईनं पुडा त्याच्या मांडीवरून उचलला आणि आत जाऊन बशा मांडल्या. पोह्यांत बडीशेप घालतात इकडे, ती तिला अजून सोसत नाही. ती निवडून काढत बसली. जिलेबीचा तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "गार झालीय. उद्या जाशील तर जरा लवकर जा, गरम मिळेल."